टेस्टने आपला शिधा आपणच बांधून न्यावा: प्लेराइटमध्ये फायली आणि खोटा डेटा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला पाइपलाइन, म्हणजे सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा, लाल झाली. ज्याने ती टेस्ट लिहिली होती त्याच्या लॅपटॉपवर ती महिनाभर हिरवीच होती. लॉगची शेवटची ओळ म्हणत होती, फाईल सापडत नाही. कुठली फाईल? सी ड्राइव्ह, मग त्याच्या नावाचं फोल्डर, मग डेस्कटॉप, मग ‘न्यू फोल्डर २’ आणि त्यात ‘आधार फायनल’. त्याने ती फाईल उचलून रेपोमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, टाकली, पाथ बदलला, बिल्ड हिरवा झाला आणि सगळे घरी गेले. सोमवारी मी सहज ती फाईल उघडून बघितली, तर त्याच्या वडिलांचं खरं आधार कार्ड.

फाईल डिलीट करून नवा कमिट टाकला तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. शेवटी गिट फिल्टर-रेपो चालवून इतिहास नव्याने लिहावा लागला आणि टीममधल्या प्रत्येकाला पुन्हा क्लोन करायला सांगावं लागलं. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: टेस्टला जे काही लागतं ते टेस्टनेच बनवावं किंवा बरोबर आणावं. दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर, कालच्या डेटाबेसवर किंवा चालू असलेल्या नेटवर तिने विसंबू नये.

उदाहरण म्हणून एक शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊ. नाव, पत्ता, ५० केबीपर्यंतचा फोटो, उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ, शेवटी पावती डाउनलोड, आणि कार्यालयातल्या माणसासाठी अर्जांची सीएसव्ही यादी. साधन प्लेराइट, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं; सिलेनियम आणि सायप्रेस ही तशीच दुसरी साधनं वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक आहे तिथे सांगते. कोड चिकटवलेला नाही, आज्ञांची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत. दोन अक्षरं टाइप केली की एडिटर बाकीचं पूर्ण करतो.

आधी फोल्डर नीट लावा

टेस्टच्या फोल्डरशेजारी ‘डेटा’ नावाचं एकच फोल्डर करा. त्यात फक्त अशा फायली ठेवा ज्या कोडने बनवता येत नाहीत: एक छोटा खराखुरा जेपीजी फोटो, एक पानाची पीडीएफ. माझ्या सध्याच्या प्रोजेक्टमध्ये तिथे चारच फायली आहेत. चाळीस झाल्या तर समजा की कुणीतरी डेस्कटॉप ओतलाय.

पाथ देताना ‘डेटा/फोटो’ असं मोकळं लिहू नका. प्लेराइट असा पाथ टेस्टच्या फाईलपासून मोजत नाही, तुम्ही टर्मिनलमध्ये ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून मोजतो. रेपोच्या मुळातून चालवलं तर चालतं, एक पायरी आत जाऊन चालवलं की पडतं. टेस्टच्या फाईलचं स्वतःचं फोल्डर घ्या आणि पाथ-जॉइनने पुढचा तुकडा जोडा. उलट्या-सुलट्या तिरक्या रेघांचा प्रश्नही त्यानेच सुटतो.

आणखी दोन खड्डे. विंडोजला फाईलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. आणि पाइपलाइन बहुतेक वेळा लिनक्सवर असते. म्हणून सगळी नावं लहान अक्षरांत. दुसरा खड्डा गिटचा. विंडोजवर गिट ओळींच्या शेवटची चिन्हं बदलू शकतं, त्यामुळे नमुन्याच्या सीएसव्हीचे बाइट बदलतात आणि तुलना करणारी टेस्ट विनाकारण पडते. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाईलमध्ये ‘डेटा’ फोल्डरला हात लावू नको असं एका ओळीत लिहून टाका.

अपलोड: फाईल नको, बाइट पुरेत

फोटोची मर्यादा तपासायला पन्नास प्रकारचे फोटो गोळा करणारे मी पाहिले आहेत. गरज नाही. प्लेराइटच्या सेट-इनपुट-फाइल्सला पाथऐवजी तीन गोष्टींचा एक ऑब्जेक्ट देता येतो: नाव, माइम प्रकार (फाईल कसली आहे ते) आणि बफर (तिचे बाइट). डिस्कवर काहीच नसताना ब्राउझरला फाईल मिळते. बफर ५० एमबीपेक्षा मोठा असला तर मात्र प्लेराइट नकार देतो. तेवढी मोठी फाईल टेस्टच्या आउटपुट फोल्डरमध्ये लिहून तिचा पाथ द्यायचा.

आता मर्यादेवर बसून बघा. ५० केबी म्हणजे ५०,००० बाइट की ५१,२००? हा प्रश्न टेस्ट लिहिण्याआधी विचारा. आमच्याकडे पानावरच्या कोडने १,०२४ ने गुणलं होतं आणि सर्व्हरने १,००० ने. मधल्या बाराशे बाइटांत अडकलेल्या प्रत्येक फोटोला पान ‘छान’ म्हणायचं आणि सर्व्हर नुसताच ‘त्रुटी’. अशा वेळी बरोबर ५१,२००, त्याहून एक बाइट जास्त, ५०,००१ आणि शून्य बाइट एवढ्या चार फायलींत सगळं बाहेर येतं.

बफर नुसत्या शून्यांनी भरून त्याला जेपीजी नाव दिलं तर पान कदाचित फसेल, पण शहाणा सर्व्हर फसत नाही. तो पहिले बाइट बघतो: जेपीजी ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते, पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि त्यापुढच्या ‘पीडीएफ’ अक्षरांनी. म्हणून ‘डेटा’तला छोटा खरा फोटो वाचा आणि हव्या त्या आकाराइतके बाइट त्याच्या शेपटीला जोडा. ‘एफएफ डी९’ ही जेपीजीची शेवटची खूण; तिच्यापुढे काय आहे याकडे फोटो उघडणारे प्रोग्राम सहसा लक्षच देत नाहीत, त्यामुळे फोटो उघडतोही आणि वजनही हवं तेवढं भरतं. शून्यांची खोटी जेपीजी फेकून देऊ नका. ‘नाव फोटोचं, आत भलतंच’ ही वेगळी टेस्ट आहे आणि तिथे सर्व्हरने नाहीच म्हणायला हवं. इनपुटवर ‘अ‍ॅक्सेप्ट’ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ती निवडीच्या खिडकीला दिलेली सूचना आहे. माणूस ‘सगळ्या फायली’ निवडून काहीही देऊ शकतो.

खरा इनपुट लपवून वर सुंदर बटण ठेवलेलं असेल तरी अडत नाही, सेट-इनपुट-फाइल्स लपलेल्या इनपुटवरही चालतं. बटण दाबल्यावरच इनपुट तयार होत असेल तर ‘फाइल-चूझर’ या घटनेची वाट बघा आणि तिच्या हातात फाईल द्या. सिलेनियममध्ये इनपुटला सेंड-कीजने पूर्ण पाथ पाठवायचा. ब्राउझर दुसऱ्या मशीनवर असेल तर लोकल-फाइल-डिटेक्टर लावायचा, नाहीतर तो पाथ तिकडच्या मशीनवर शोधला जातो. सायप्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून सिलेक्ट-फाइल आहे, ओढून टाकण्याच्या पर्यायासह. त्यासाठी जुना प्लगइन अजून वापरत असाल तर काढा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खिडकीत माऊस हलवून फाईल निवडणाऱ्या युक्त्या मात्र कुठल्याही साधनात करू नका. ती खिडकी पानाचा भाग नाही.

कऱ्हाडचा दाखला

इथे जरा थांबते, कारण या बग आपल्याशिवाय कुणी शोधणार नाही.

फाईलचं नाव ‘कऱ्हाड दाखला’ असं द्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शेवटी न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो-विड्थ जॉइनर). पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची रीत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. परिणाम असा की अर्जदाराने मोबाइलच्या कीबोर्डवर ‘कऱ्हाड’ लिहिलं, कार्यालयातल्या बाईंनी संगणकावर शोधलं, आणि अर्ज सापडला नाही. टेस्ट सोपी आहे: एका तऱ्हेने लिहिलेला अर्जदार तयार करा, दुसऱ्या तऱ्हेने शोधा. टेस्टमध्ये ही अक्षरं थेट टाइप करू नका, युनिकोड क्रमांकाने लिहा, म्हणजे उद्या कुणी चुकून ‘दुरुस्त’ करणार नाही. ०९३१ आणि ०९४डी ही एक जोडी. ०९३०, ०९४डी, २००डी ही दुसरी.

दुसरी गोष्ट लांबीची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. लिनक्सच्या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे ‘.पीडीएफ’चं इंग्रजी शेपूट सोडून ८३ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे! ‘उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालय’ या धर्तीचं नाव, त्यात अर्जदाराचं, वडिलांचं नाव आणि आडनाव, की ८३ सहज ओलांडतात. ८३ चिन्हांचं एक आणि ८४ चं एक, अशी दोन नावं बफरच्या ऑब्जेक्टमध्ये द्या. सर्व्हर फाईलला स्वतःचं नाव देऊन साठवत असेल तर दोन्ही पास होतील, आणि तसंच व्हायला हवं.

हाच हिशोब डेटाबेसच्या रकान्यांना. ओरॅकलमध्ये मूळ सेटिंगवर ५० लांबीचा व्हारचार२ रकाना बाइट मोजतो, म्हणजे त्यात देवनागरीची १६ चिन्हं मावतात. ‘ज्ञानेश्वर’ लिहायलाच १० लागतात. मोजून बघा.

डाउनलोड: वाट आधी बघायची, बटण नंतर दाबायचं

पावतीचं बटण दाबायचं आणि मग डाउनलोडची वाट बघायची, हे माणसासाठी ठीक. टेस्टमध्ये क्रम उलटा. आधी वेट-फॉर-इव्हेंट ‘डाउनलोड’ सुरू करा पण त्याच्यासमोर अवेट (‘हे होईपर्यंत थांब’) लावू नका, मग क्लिक, मग अवेट. पहिल्याच ओळीला अवेट लावलात तर टेस्ट अशा डाउनलोडची वाट बघत बसते जो क्लिकशिवाय सुरूच होणार नाही, आणि मूळ सेटिंगवर ३० सेकंदांनी मरते. नव्या माणसाची ही चूक मी लॉग न उघडता ओळखते.

मिळालेली फाईल लगेच सेव्ह-अ‍ॅजने टेस्ट-इन्फोच्या आउटपुट-पाथवर ठेवा. ब्राउझर कॉन्टेक्स्ट (टेस्टचं वेगळं ब्राउझर-सत्र) बंद झाला की प्लेराइट डाउनलोड पुसून टाकतो. आउटपुट-पाथ प्रत्येक टेस्टला वेगळा मिळतो, त्यामुळे आठ टेस्ट एकाच वेळी ‘पावती’ डाउनलोड करत असल्या तरी एकमेकींवर पडत नाहीत.

आणि मग फाईल उघडा. ‘फाईल आहे’ एवढं तपासून थांबू नका. आमची पावतीची टेस्ट काही दिवस हिरवी होती आणि त्या काळात एकही पावती खरी नव्हती. सेशन संपल्यावर सर्व्हर लॉगिनचं पान पाठवत होता आणि ते निमूटपणे ‘पावती.पीडीएफ’ नावाने सेव्ह होत होतं. पहिले चार-पाच बाइट वाचले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हा निदान एवढं करा: सजेस्टेड-फाइलनेम बघा, पहिले बाइट बघा, आणि पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीने मजकूर काढून त्यात अर्जाचा क्रमांक आहे का ते बघा. मराठी मजकूर पीडीएफमधून काढताना जोडाक्षरं मोडतात, फाँटनुसार काहीही हाती येतं. म्हणून अर्जक्रमांकासारखी आकड्यांची खूण शोधणंच बरं.

सीएसव्हीचं दुखणं निराळं. एक्सेलला यूटीएफ-८ कळावं म्हणून फाईलच्या सुरुवातीला ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन बाइट लागतात. नसले तर दोन टिचक्यांत उघडलेल्या यादीत ‘सुनीता’च्या जागी वेड्यावाकड्या इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. टेस्टमध्ये हे तीन बाइट तपासा. मग नमुन्याच्या पत्त्यात मुद्दाम स्वल्पविराम घाला, ‘घर नं. १२, शुक्रवार पेठ’. अवतरणचिन्हं विसरली असतील तर पेठ पुढच्या रकान्यात जाऊन बसेल. ओळ स्वल्पविरामावर तोडून वाचू नका, सीएसव्ही वाचणारी लायब्ररी घ्या.

मॉक: काय खोटं करायचं

पेज डॉट रूटने एखाद्या पत्त्यावर जाणारी विनंती अडवता येते आणि फुलफिलने तिथल्या तिथे खोटं उत्तर देता येतं; यालाच मॉक म्हणतात. सायप्रेसमध्ये हेच काम इंटरसेप्ट करतं. तंत्र दहा मिनिटांचं आहे. कुठे वापरायचं, हे मात्र वर्षभर शिकावं लागतं.

माझा नियम: जे आपलं नाही ते खोटं, जे मुद्दाम घडवणं अवघड ते खोटं, बाकी खरं. पेमेंट गेटवे आपला नाही, ओटीपीचा एसएमएस आपला नाही. टेस्टच्या दहा आकडी ‘काल्पनिक’ मोबाइलवर खरा एसएमएस गेला तर तो पलीकडे कुणा खऱ्या माणसाच्या खिशात वाजतो, हे ध्यानात असू द्या. घडवायला अवघड म्हणजे सर्व्हरचा ५०० (त्याच्याकडच्या बिघाडाचा क्रमांक), दहा सेकंदांचा उशीर, रिकामी यादी, मध्येच तुटलेलं नेट. शेवटच्यासाठी अबॉर्ट आहे. पण अर्ज भरून जमा करण्याचा मुख्य रस्ताच मॉक केलात तर तुम्ही स्वतःच लिहिलेलं उत्तर स्वतःलाच वाचून दाखवताय.

पायऱ्या अशा. रूट आधी लावा, गोटू नंतर. पान उघडल्यावर लावलेला मॉक पहिल्या विनंतीला चुकतो. एकाच पत्त्यावर दोन रूट लावले तर नंतरचा आधी चालतो, म्हणून ढोबळ मॉक आधी आणि त्या टेस्टपुरता खास मॉक नंतर. अ‍ॅपमध्ये सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारा, विनंत्या मध्येच उचलणारा कोड) असेल तर त्याने उचललेल्या विनंत्या रूटला दिसत नाहीत. कॉन्टेक्स्टच्या सेटिंगमध्ये सर्व्हिस वर्कर ब्लॉक करा. पूर्ण उत्तर हाताने लिहिण्याऐवजी रूट-फेचने खरं उत्तर आणून त्यातली एकच गोष्ट बदलता येते, उदाहरणार्थ अर्जाची स्थिती ‘मंजूर’वरून ‘त्रुटी’. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो.

आणि मॉकमध्ये एक मोजणी ठेवा. पत्त्याच्या पॅटर्नमध्ये एक अक्षर चुकलं तर मॉक कधी चालतच नाही; खरा सर्व्हर गुपचूप उत्तर देतो, टेस्ट हिरवी होते आणि तुम्हाला वाटतं आपण बिघाडाची टेस्ट केली. मॉक लागला तेव्हा आकडा एकने वाढवा, शेवटी तो शून्य नाही हे तपासा.

मॉक शिळा होतो

एका प्रोजेक्टमध्ये सर्व्हरवाल्यांनी ‘मोबाइल’ या फील्डचं नाव बदललं. आमच्या मॉकमध्ये जुनंच नाव होतं. टेस्ट हिरव्या, आणि खऱ्या पानावर अर्जदाराचा नंबर रिकामा. तक्रार आली तेव्हा मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, आमच्या सगळ्या टेस्ट पास आहेत.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला: सर्व्हरच्या ओपन-एपीआय वर्णनाशी (कुठल्या विनंतीला कसं उत्तर येतं याच्या लेखी नोंदीशी) प्रत्येक मॉक ताडून बघणारी एक वेगळी टेस्ट. जेसन स्कीमा तपासणाऱ्या एजेव्हीसारख्या लायब्ररीने ती दोन सेकंदांत होते. दुसरा: मॉकशिवाय, खऱ्या सर्व्हरवर रोज रात्री चालणारी एक लांब टेस्ट.

एचएआर फाईलमध्ये खऱ्या विनंत्या नोंदवून त्यांचाच मॉक करण्याची सोय रूट-फ्रॉम-एचएआर देतं; अपडेट चालू ठेवून चालवलं की नोंद ताजी होते. सोयीचं आहे, पण त्या नोंदीत कुकी आणि टोकनही येतात. आधार कार्डाची गोष्ट आठवा आणि कमिटच्या आधी फाईल उघडून वाचा.

नमुन्याची माणसं

प्रत्येक टेस्टमध्ये अर्जदाराचे पंधरा रकाने भरत बसू नका. ‘नमुना-अर्जदार’ असं एक फंक्शन लिहा जे सगळे योग्य रकाने भरून देतं आणि टेस्टला बदलायचं तेवढंच वरून घेतं. मग टेस्ट वाचताना एवढंच दिसतं: ‘पिनकोड पाच आकडी’. बाकी गोंगाट नाही.

ईमेल एक्झाम्पल डॉट कॉमचाच द्या. तो डोमेन अशाच वापरासाठी राखीव आहे, तिथे कुणाची पेटी नाही. त्यात वर्कर (समांतर चालणारी प्रक्रिया) क्रमांक आणि वेळ जोडा, म्हणजे समांतर टेस्ट एकमेकींचा अर्जदार पळवणार नाहीत. नावांसाठी फेकर (खोटी नावं-पत्ते बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर सीड (तीच नावं पुन्हा यावीत म्हणून द्यायची सुरुवातीची संख्या) ठरवून द्या आणि लॉगमध्ये छापा, नाहीतर रात्री पडलेली टेस्ट सकाळी तुमच्याकडे पडणार नाही. जुनं फेकर-जेएस नको. जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या मूळ लेखकानेच ते मोडून ठेवलं आणि त्यानंतर समुदायाने वेगळी आवृत्ती चालवली, तीच घ्या.

आधार क्रमांकाचं जरा सांभाळून. त्यातला शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. त्या तपासणीत बसणारा क्रमांक तुम्ही बनवलात तर तो एखाद्या खऱ्या माणसाचा असू शकतो, तेव्हा तो खऱ्या पडताळणी सेवेपर्यंत जाऊच देऊ नका, तिथे मॉकच हवा. उत्पादनातला डेटाबेस उतरवून ‘जरा नावं बदलून’ टेस्टला वापरण्याची सवय असेल तर ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यापूर्वीही वाईटच होती.

साफसफाई टेस्टच्या सुरुवातीला करा, शेवटी नाही. मध्येच मेलेली टेस्ट शेवटापर्यंत पोचतच नाही.

आकडे आणि तारखा

कॉन्फिगमध्ये लोकेल (भाषा आणि प्रदेश) एमआर-आयएन आणि टाइमझोन एशिया/कोलकाता ठरवून द्या. पाइपलाइन बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असते. पहाटे दोनला भरलेला अर्ज तिथे आदल्या दिवसाचा दिसतो, आणि शेवटच्या तारखेची टेस्ट फक्त रात्री पडते. आजची तारीख लागणाऱ्या टेस्टमध्ये पेज डॉट क्लॉकने वेळ गोठवा.

लोकेलची आणखी एक गंमत. हिंदी लोकेलने रक्कम छापली तर ब्राउझर इंग्रजी अंक देतो, मराठीने छापली तर देवनागरी: १२,३४,५६७. टेस्टमध्ये इंग्रजी अंक शोधत बसलात तर पडद्यावर रक्कम दिसत असूनही टेस्ट लाल. आधी डिझायनरला विचारा कुठले अंक हवेत, मग कोड किंवा टेस्ट, जे चुकलंय ते बदला.

हे सगळं लागलं की एकदा असं करा: रेपो नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा, फोल्डरच्या नावात एक रिकामी जागा आणि एक मराठी अक्षर असू द्या, अ‍ॅप त्याच मशीनवर चालू करा, वाय-फाय बंद करा आणि मॉकवाल्या टेस्ट चालवा. माझ्याकडे पहिल्यांदा अकरा पडल्या. त्यातल्या सात टेस्ट अशा होत्या ज्यांना नेट लागतं हे लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं, आणि दोन माझ्याच होत्या.